विज्ञानाचे शिक्षक वाटेत कोठे अडतात?

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातून एका वाचकाचे पत्र आले आहे. नाव व गाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. ते लिहितात:

“आमच्या गावात जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. गणित-विज्ञानाचे सर दोन वर्षांपूर्वी आंतरजिल्हा बदलीने आपल्या गावाकडे गेले. तेव्हापासून मराठीच्या मॅडमच विज्ञान शिकवतात. त्या मनापासून शिकवतात, पण प्रयोग होत नाहीत, आणि माझा सातवीतला मुलगा गणिताची वही उघडायला तयार नसतो. पंचायत समितीत गेलो की ‘शिक्षकच मिळत नाहीत’ असे सांगतात. इकडे आमच्याच गावात बी.एस्सी., बी.एड. झालेली दोन मुले कापूस वेचत आहेत. हे कसे? गावाने वर्गणी करून त्यांच्यापैकी एकाला ठेवावे काय? दुसरे असे की, माझी मोठी मुलगी वणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला शिक्षिका व्हायचे आहे. नातेवाईक म्हणतात, नर्सिंग किंवा फार्मसी केली असती तर हाताला लवकर काम लागले असते. मी काय करावे?”

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आपण दोन प्रश्न वेगवेगळे म्हणून विचारले आहेत. मला ते एकच वाटतात. शाळेला विज्ञानाचा शिक्षक का मिळत नाही, याचे उत्तर ज्या वाटेवर आहे त्याच वाटेने आपली मुलगी निघाली आहे, आणि ती वाट कोठे कोठे अडते हे कळले म्हणजे समितीने काय करायचे आणि घरात काय ठरवायचे, हे दोन्ही बरोबरच सुचेल. ओलिताचे पाणी शेवटच्या तासापर्यंत पोचले नाही, तर आपण आधी पाइपलाइनच्या कडेने चालत जाऊन ते कोठे फुटले आहे हे पाहतो. लगेच नवी मोटर आणत नाही. ‘शिक्षकच मिळत नाहीत’ हे उत्तरही तसेच तपासून पाहावे लागेल, कारण ते खोटे नसले तरी अपुरे आहे.

आधी कायद्याचे पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा किमान एकेक शिक्षक असावा असे लिहिलेले आहे, आणि रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नयेत असे कलम २६ सांगते. तेव्हा विज्ञान शिक्षक मागताना समितीने हात जोडण्याचे कारण नाही. परंतु ‘मंजूर पदे’ या दोन शब्दांपाशीच बहुतेक गावे फसतात. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावरून संच मान्यता, म्हणजे शाळेला किती व कोणती शिक्षक पदे मिळणार याची मंजुरी, होते आणि त्या पटात आधार क्रमांक ऑनलाइन प्रणालीत वैध ठरलेली मुलेच धरली जातात. नावातील एका वेलांटीचा किंवा जन्मतारखेतील एका आकड्याचा फरक पडला, तरी वर्गात रोज बसणारे मूल कागदावर दिसेनासे होते. सहावी ते आठवीचा पट जेथे जेमतेम विसाच्या आसपास आहे तेथे अशी तीन-चार मुले गळाली की त्यांच्यामागून शिक्षकाचे पदही जाते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने कमी पटाच्या वर्गांसाठीचे निकष आणखी कडक केले आणि शिक्षक संघटनांनी त्याला राज्यभर विरोध केला, तो याच भीतीने.

म्हणून आपले पहिले काम असे की, मुख्याध्यापकांकडून शाळेच्या संच मान्यतेची प्रत घ्यावी आणि ती समितीच्या बैठकीत सर्वांसमोर वाचावी. तीत तीनपैकी एक गोष्ट आढळेल. विज्ञान-गणिताचे पद मंजूर असून रिक्त असेल; किंवा ते पद मंजूरच नसेल; किंवा पद भरलेले दिसेल, पण त्यावरचा शिक्षक प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरत्या आदेशाने, दुसरीकडे काम करीत असेल. रिक्त पदासाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे मागणी करायची असते, प्रतिनियुक्ती रद्द करण्याचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जातो, आणि पदच मंजूर नसेल तर आधी पट व आधारच्या चुका दुरुस्त कराव्या लागतात. या तिन्ही दुखण्यांवर एकच निवेदन देत राहिल्यामुळे गावांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत. प्रत मिळण्यास टाळाटाळ झाली, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

आता समजा, पद मंजूर आहे आणि रिक्तही आहे. मग ते भरणारा माणूस कोठून यायचा? आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी बारावी विज्ञानाचे वर्ग आहेत आणि त्यांत प्रवेशही भरपूर होतात. परंतु गणितात आणि भौतिकशास्त्रात ज्यांना गती असते ती मुले पुष्कळदा नाव येथे ठेवून नागपूर, अकोला किंवा लातूरच्या शिकवणी वर्गांना जातात आणि तेथून अभियांत्रिकी वा वैद्यकीय शिक्षणाकडे वळतात. मी ३१ वर्षे विज्ञान शिकवले. त्या काळात माझ्या हाताखालून गेलेल्या ज्या मुलांनी बी.एस्सी. केले, त्यांच्यातील बहुतेकांनी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले. गणित व भौतिकशास्त्र घेणारी थोडी, आणि त्यांतल्या मुली तर फारच थोड्या. शाळेला मात्र जो शिक्षक लागतो तो एकट्याने गणितही शिकवणारा आणि विज्ञानही शिकवणारा लागतो. शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या दुसऱ्या पेपरात १५० पैकी ६० गुण गणित व विज्ञान या एकत्र विभागाला आहेत. बारावीत गणित सोडून दिलेला जीवशास्त्राचा पदवीधर तेथे अडखळतो, आणि पुढे नेमणूक झाली तरी सातवीच्या बीजगणितापाशी त्याचा आवाज बारीक होतो. आपल्या मुलाची न उघडणारी वही कदाचित येथून सुरू झाली आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत आणखी एक अडचण आहे. सहावी ते आठवीची विषय शिक्षकांची पदे काही प्रमाणात सेवेतल्या प्राथमिक शिक्षकांमधून भरली जातात. हे शिक्षक बारावीनंतर डी.एड. करून सेवेत आलेले. त्यांच्यात विज्ञानाची पदवी असणारे थोडे, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांनाही विषय शिक्षक झाल्यावर पदवीधर वेतनश्रेणी मिळेलच असे नाही. जबाबदारी वाढावी आणि वेतन तेच राहावे, हे ज्याला मान्य नाही त्याला मी दोष देणार नाही.

गावातल्या त्या दोन मुलांविषयी आपण विचारले आहे. पद रिक्त आणि पदवीधर घरी, हे दृश्य पाहून आपल्याला जो संताप येतो तो रास्त आहे. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली, कारण त्याआधी शाळांतील विद्यार्थीसंख्येची पटपडताळणी झाली होती आणि तीत अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळांत सामावून घ्यायचे होते. पुढे शिक्षक भरतीसाठी पवित्र हे ऑनलाइन पोर्टल आले आणि त्या भरतीची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट (ही टीईटीहून वेगळी), डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा झाली. दुसरी टेट झाली ती २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. जो मुलगा २०१८ साली बी.एड. होऊन बाहेर पडला, त्याला पहिली संधी मिळण्यासाठीच पाच वर्षे थांबावे लागले. या पाच वर्षांत त्याने पोलीस भरतीची तयारी केली, कोणी औषधाच्या दुकानात लागले, कोणी शेतीला. आणि त्याला पाहून त्याच्या धाकट्या भावाने बी.एस्सी.चा अर्जच भरला नाही. भरती थांबली की आजचा शिक्षक जातो, आणि दहा वर्षांनंतरचाही. शिक्षकांच्या तुटवड्याविषयी बोलताना पगाराचा उल्लेख सर्वांत आधी होतो. माझ्या मते आपल्या भागात अनिश्चिततेने पगारापेक्षा अधिक नुकसान केले आहे.

पगाराचेही सांगितले पाहिजे. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. १ जानेवारी २०२३ पासून त्याचे मानधन पहिली ते आठवीसाठी दरमहा १६,००० रुपये, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये झाले. त्याआधी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजनाही राहिली नाही. भरतीचे दार उघडल्यावरही सगळी पदे भरत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पवित्र पोर्टलमार्फत ११,०८५ उमेदवारांची शिफारस झाली, तरी बरीच जाहीर झालेली पदे त्या त्या प्रवर्गात, समांतर आरक्षणात किंवा विषयात पात्र उमेदवार न मिळाल्याने रिकामी राहिली, आणि त्यांत गणित-विज्ञानाची पदे होती. आपल्या भागातील पुष्कळ गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रातील पदांचे आरक्षण न्यायालयात अडकल्याने तेथील भरती आणखी रेंगाळली. तेव्हा त्या दोघांना थेट विचारा: टीईटीचा दुसरा पेपर गणित-विज्ञान घेऊन उत्तीर्ण आहात काय, टेट दिली काय, गुण किती, प्रवर्ग कोणता. ‘बेकार’ या एका शब्दाखाली दोघांच्या अडचणी वेगवेगळ्या निघतील. एकाला कदाचित फक्त गणिताची तीन महिन्यांची तयारी हवी असेल.

बदलून गेलेल्या सरांविषयी आपल्या पत्रात थोडी कटुता आहे, ती मी समजू शकते. माझी पहिली नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात नदीकाठच्या एका गावी झाली होती. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की आठ-आठ दिवस गावाबाहेर पडता येत नसे. शाळेत एक चंचुपात्र आणि काच तडकलेला एक सूक्ष्मदर्शक होता, आणि वाताने वाकलेल्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे तर दिवस मोडत असे. चार वर्षांनी मी बदली मागितली. मुलांना सोडून जाताना फार वाईट वाटले, तरी मी गेले. कोल्हापूर-साताऱ्याकडून आलेला माणूस आपल्या आई-वडिलांकडे परत गेला तर त्यात अपराध नाही. सरकारनेही हे ओळखून काही सोयी केल्या आहेत: आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी दिली, आणि २०१७ च्या बदली धोरणात अवघड क्षेत्रातील सेवेची नोंद घेऊन बदलीचा हक्क दिला. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की, हा दुसरा लाभ शिक्षकाला अवघड गावात आणतो तसाच तेथून बाहेरही काढतो. टिकतात ते बहुधा त्याच मातीतले, ज्यांचे घर वीस-तीस किलोमीटरवर आहे आणि ज्यांना मुलांच्या घरची कोलामी किंवा गोंडी निदान कानाने कळते. विज्ञानाची पदवी इंग्रजीतून, पाठ्यपुस्तक मराठीतून आणि मुलाची विचार करण्याची भाषा तिसरीच. हे अंतर बाहेरून आलेल्या शिक्षकाला पार करायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर त्याच्या बदलीचा आदेश आलेला असतो.

वर्गणीचे म्हणाल, तर करा, पण विचारपूर्वक. आठवड्यातून काही तासांसाठी मानधनावर एखादा पदवीधर बोलावता येईल, मात्र समितीच्या ठरावात दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: ही व्यवस्था तात्पुरती आहे, आणि ती रिक्त पदाच्या बदल्यात नाही. हे लिहिले नाही तर पुढच्या वर्षी ‘आपल्याकडे शिक्षक आहे ना’ असे ऐकावे लागेल. मला अधिक बरा वाटणारा मार्ग असा की, आपल्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, दुसऱ्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक असेल, तर त्याला आठवड्यातून दोन दिवस आपल्याकडे पाठवावे अशी लेखी मागणी केंद्रप्रमुखांच्या शिफारशीसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करावी. निवृत्त शिक्षकांना मानधनावर घेण्याची तरतूदही राज्याने २०२३ मध्ये केली होती. जवळपास कोणी निवृत्त विज्ञान शिक्षक असतील तर त्यांना भेटा. आपले गाव पेसाखाली, म्हणजे आदिवासी क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येत असेल, तर ग्रामसभेकडे जो पाच टक्के अबंध निधी येतो त्यातून शिक्षणावर खर्च करता येतो, आणि प्रयोगाचे साहित्य घेण्याचा ठराव तेथे मांडता येईल.

मराठीच्या मॅडमना कृपया एकट्या पाडू नका. जो विषय आपण शिकलो नाही तो दोन वर्षे शिकवत राहणे सोपे नसते. त्यांच्या अंगावर मतदार याद्यांचे काम असेल तर हेही विचारा की, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मधील जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडचे कोणते काम त्यांना लावले आहे. सातवीच्या विज्ञानातील पुष्कळ प्रयोग किराणा दुकानातल्या वस्तूंनी होतात. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद चुन्याच्या निवळीत बुडवला की लाल होतो आणि लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळा होतो. फवारणीसाठी आणलेल्या मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला तर त्यावर तांब्याचा थर चढतो. मोरचूद विषारी असल्याने तो प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीतच करावा आणि हात धुवावेत. नागपुरात अपूर्व विज्ञान मेळावा भरतो. त्यात महापालिकेच्या शाळांतील मुले अशाच साध्या वस्तूंनी प्रयोग करून दाखवतात. तेथे समितीने मॅडमना आणि पाच-सहा मुलांना घेऊन जावे. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रालाही त्याच फेरीत भेट देता येईल.

आता मुलीचे. नातेवाईक चुकीचे बोलत नाहीत. डी.फार्म. दोन वर्षांत होते, परिचारिकेला लवकर काम मिळते, आणि घरात तातडीने मिळकत हवी असेल तर त्याचा विचार करण्यात कमीपणा नाही. परंतु आपली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता सोडून दुसरीकडे जाणे म्हणजे दोन वर्षे टाकून देणे होईल. तिला शिकवायचे आहे असे ती स्वतः म्हणत असेल, तर मी आपल्याला सांगेन की तिला जाऊ द्या, पण वाटेचा नकाशा हातात देऊन. पदवीनंतर बी.एड. दोन वर्षांचे, प्रवेशासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के, राखीव प्रवर्गात ४५ टक्के गुण लागतात. त्यानंतर सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर, खुल्या प्रवर्गाला ६० आणि राखीव प्रवर्गाला ५५ टक्के गुणांची अट. टीईटीऐवजी केंद्राची सीटीईटीही चालते. मग टेट. नववी-दहावीसाठी टीईटी लागत नाही, बी.एड. आणि टेट पुरते. एवढे सगळे वेळेवर झाले तरी ती चोविशीत असेल, आणि त्यापुढे तीन वर्षे मानधनाची. हे घरातल्या सर्वांनी, विशेषतः तिच्या लग्नाची घाई करणाऱ्यांनी, आताच समजून घ्यावे.

तिच्यासाठी माझ्या दोनच सूचना आहेत. पहिली आणि मोठी, गणिताची. तिचे विषय जीवशास्त्राकडचे असतील, तर सहावी ते दहावीची गणिताची पुस्तके तिने आजपासून रोज तासभर सोडवावीत, आणि नियमात बसत असेल तर बी.एड.ला विज्ञानाबरोबर गणिताची अध्यापन पद्धती घ्यावी. गणित आणि विज्ञान दोन्ही निर्भयपणे शिकवणारी, यवतमाळ जिल्ह्यातच राहू इच्छिणारी शिक्षिका जिल्हा परिषदेला सहजासहजी मिळत नाही, आणि तिची खरी जमेची बाजू तीच ठरेल. दुसरी सूचना अशी की, टेट लांबली तर वाट पाहत बसू नये, एम.एस्सी. करावे, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयाचे दारही उघडे राहते. आणि नेमणुकीसाठी पैसे मागणारा कोणी भेटला तर घराबाहेरूनच परत पाठवा. नागपूर विभागात शिक्षकांच्या पगारासाठी लागणारे शालार्थ आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बनावट तयार करून शिक्षक दाखवल्याचे प्रकरण २०२५ मध्ये उघडकीस आले आहे. अशा वाटेने लागलेली नोकरी कोणत्या दिवशी जाईल याचा भरवसा नसतो. गावातील बारावीच्या मुलांना मात्र आणखी एक गोष्ट सांगा: महाराष्ट्र ज्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या क्षेत्रात येतो त्या भोपाळच्या संस्थेत बारावीनंतर चार वर्षांत बी.एस्सी. व बी.एड. एकत्र होते, आणि त्यामुळे एक वर्ष वाचते.

आपल्या गावाला शिक्षक हवा म्हणून मुलीने शिक्षिका व्हावे, असे तिच्यावर ओझे ठेवू नका. तिची नेमणूक कोणत्या शाळेत होईल हे गुणवत्ता यादी आणि रिक्त पदे ठरवतात; आपल्या हातात ते नाही. पण दिवाळीच्या सुटीत ती घरी येईल तेव्हा मॅडमच्या संमतीने तिला धाकट्या भावाला आणि त्याच्या वर्गमित्रांना चार दिवस हळदीच्या कागदाचे प्रयोग आणि थोडे बीजगणित शिकवू द्या. शिकवणे तिला आवडते की केवळ शिक्षिका असणे आवडते, हे तिला त्या चार दिवसांत बरेचसे कळेल.

समितीची पुढची बैठक ३० सप्टेंबरच्या आत घ्या आणि सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाच्या आधारची नोंद मुख्याध्यापकांसोबत बसून तपासा. ज्यांच्या नोंदीत चूक आहे त्यांच्या पालकांना आधार केंद्रावर नेण्याची जबाबदारी समितीतील एकेका सदस्याने वाटून घ्यावी. संच मान्यतेची प्रत मिळाली की तिच्यातील विज्ञान-गणिताच्या पदापुढे काय लिहिले आहे ते मला कळवा. पुढचा अर्ज कोणाकडे करायचा आणि त्यात काय लिहायचे, हे आपण त्यावरून ठरवू.